निंबारीचं विरजण

ज्या सकाळी शोभाकाकूंनी सख्ख्या दिराच्या मनगटावर कोयता घातला, त्या सकाळीही केतकीने राहीच्या जिभेखाली तेलाचे दोन थेंब सोडलेच. आरडाओरडा भिंतीपलीकडूनच येत होता. राहीने डोळे गच्च मिटून थेंब गिळले आणि विचारलं, काकू बोकड कापतात का. केतकी हो म्हणाली. साडेतीन वर्षांच्या लेकराला दुसरं काय सांगणार?

भांडण पाण्याच्या पाळीवरून झालं होतं. पाण्यावरून भांडणं निंबारीला नवी नव्हती, पण शोभाकाकू म्हणजे गावातली गरीब गाय, कुत्र्याला हाड म्हणतानाही पदर सावरणारी बाई. दीर अंगणात लोळत होता, त्याचा पंजा कातडीच्या एका पट्टीला लोंबत होता, आणि काकू ओट्यावर बसून पोतेऱ्याने कोयता पुसत होत्या. पोलिसांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाळी माझी होती." आवाजात राग नव्हता आणि पश्चात्तापही नव्हता. निवडलेली मेथी कोणती आणि राहिलेली कोणती, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

त्या हिवाळ्यातलं गावातलं ते पहिलं रक्त. मग शाळेच्या शिपायाने मुख्याध्यापकांचं डोकं फळ्यावर आपटलं. दोघी जावांनी सासऱ्याला विहिरीत ढकललं आणि काठावर बसून तो बुडेपर्यंत वाट पाहिली. लोक म्हणाले गावाला नजर लागली, मारुतीला शेंदूर चढवला. पण नजर लागलेली माणसं घाबरतात. निंबारीत कुणी घाबरत नव्हतं. हेच विचित्र होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण लक्षात यायलाही थोडी भीती लागते.

निंबारी सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत बुडालेलं गाव. औषधासाठी गांजा लावायचे परवाने मिळू लागले, तेव्हा इथल्या बायकांनी अंबिका गट काढून दोन शेडनेट उभी केली. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, खांबाखांबावर कॅमेरे, फाटकाशी रखवालदार. फुलांचं तेल निघायचं आणि ते फिट येणाऱ्या लेकरांना जायचं. केतकी ह्या गटात आली ती राहीपायी. राही जन्मल्यापासून तिच्या अंगात विजा खेळत होत्या. दिवसातून किती वेळा तिची मान मागे जायची, डोळे पांढरे व्हायचे, ओठ निळे पडायचे, ते मोजणं केतकीने सोडून दिलं होतं. मोजलं की जेवण जायचं नाही.

आता गांजाचं झाड मोठं अधाशी. जमिनीत शिसं असो की बाजारच्या खतातला एखादा नकोसा कण असो, ते सगळं ओढून घेतं आणि पानाफुलांत साठवतं. हे तेल लेकरांच्या पोटात जायचं, म्हणून नियम कडक होता, बाजारचं खत नाही, घरचंच. घड उतरल्यावर केळीचा खांब उभाच कुजतो. तो सोलून चिरायचा, त्यात शेण, गूळ, बेसन, आंबट ताक घालायचं, ड्रम सावलीत ठेवायचा आणि रोज काठीने ढवळायचं. आठवड्याभरात त्याला फेस येतो, वास दारूसारखा होतो, आणि अब्जावधी जिवाणूंची जत्रा तयार होते. ते मुळांत शिरतात, काही तर झाडाच्या आतच संसार थाटतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला जे लागेल ते रांधून देतात.

सगळ्यांच्या ड्रमला फेस यायचा, पण केतकीच्या खताची गोष्टच निराळी. तिची झाडं इतरांपेक्षा हातभर उंच, फुलं राळेने चकाकणारी. मग गावातल्या रीतीप्रमाणे जे व्हायचं तेच झालं. दाराशी कुणी वाटी घेऊन विरजण मागायला आलं तर दिवेलागणीआधी नाही म्हणायचं नसतं. बायका वाट्या घेऊन आल्या, तांबे घेऊन आल्या. दह्याचं विरजण जसं घरोघर जातं तसं केतकीच्या ड्रमातलं पाणी निंबारीभर गेलं. गंमत म्हणजे दुसऱ्या घरी ते महिनाभरच दम धरायचं, मग फिकं पडायचं. मग बायका पुन्हा वाटी घेऊन दाराशी. "तुझा हातच गोड गं माय," बायका म्हणायच्या, आणि केतकी हसायची.

हात गोड नव्हता. कारण दुसरंच होतं, आणि ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

राही दवाखान्यात नळ्यांनी जखडलेली असताना केतकीची छाती दगडासारखी व्हायची. यंत्राने काढलेलं दूध वाटीवाटीने उरायचं. सासूने, जिजीने, तेव्हा बजावलं होतं, अंगावरचं दूध मोरीत ओतू नये, झाडाच्या मुळाशी घालावं. झाडं शेडनेटमध्ये होती आणि तिथे बाहेरचं काही न्यायचं नाही असा नियम होता. मग केतकीने ते झाडांच्या जेवणात, ड्रममध्ये घातलं. त्याच हंगामाच्या तेलाने राहीचे झटके थांबले. कमी झाले नाहीत, थांबलेच. पोर बसली, उभी राहिली, एक दिवस मांजरीच्या मागे धावली. त्या दिवशी केतकी चुलीपुढे बसून इतकी रडली की भाकरी जळाली. राही अजून दुपारी कुशीत शिरून प्यायची. त्यातलं वाटीभर केतकी दर आठवड्याला ड्रमात घालत राहिली. थांबवायची तिची छाती नव्हती.

पौष महिन्यात गटाने भरीत पार्टी ठेवली. एवढं रक्त सांडल्यावर पार्टी कसली, असं एकट्या जिजीने विचारलं, तेही भाजीत मीठ आहे का विचारावं तसं. शेडनेटला लागूनच्या मळ्यात तुरीच्या काट्यांवर वांगी भाजली. सकाळभर बायकांनी फुलं छाटली होती, नुसत्या हातांनी, कारण हातमोज्यांत घाम येतो आणि काम उरकत नाही. मोजे घालणारी एकटी केतकी. राहीची मात्रा थेंबात मोजलेली होती, हाताला लागून एक कणही जास्त जायला नको. म्हणून ती राहीचं जेवण वेगळं रांधायची आणि राहीच्या ताटात उरेल ते खायची. बाकीच्या बायकांनी हात पाण्याने धुतले आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटायला बसल्या.

हर्षल, केतकीचा नवरा, लाकडी बडगीत भरीत ठेचत होता. एका घावात चार वांगी. त्याचा धाकटा भाऊ विनीत पुऱ्यांची तिसरी रास संपवून शेजारी उभा होता. विनीत म्हणजे घरातला वात्रट, त्याच्याविना घरात हसू नाही. राहीला खांद्यावर घेऊन तो केळीत हत्ती हत्ती खेळायचा.

"दादा, वांगी आहेत भो ती," विनीत म्हणाला. "वहिनीवरचा राग त्यांच्यावर कशाला काढतो?"

चारजण हसले. हर्षलही हसला. मग त्याने मुसळ उचललं आणि हसता हसताच भावाच्या कानशिलावर घातलं.

आवाज ओला आला. विनीत गुडघ्यांवर बसला, काहीतरी विसरल्यासारखा त्याने हात वर नेला. हर्षलने पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा विनीत खाली पडलेला होता, आणि मुसळ ज्या लयीत वांग्यांवर पडत होतं त्याच लयीत पडत राहिलं. वाढणाऱ्या बायका मागून जेवतात, म्हणून केतकीच्या पोटात अजून पुरी गेली नव्हती. ओरडली ती एकटीच. बाकीचे पाहत होते. मग कुणीतरी विनीतच्या बाजूने विस्तवातलं लाकूड उचलून हर्षलच्या पाठीवर घातलं, त्याच्यावर दुसरा धावला, आणि बघता बघता सगळा मळा एकमेकांच्या अंगावर गेला. उकळत्या तेलाची कढई कुणी कुणावर उलटली ते कळलं नाही. एक बाई दुसरीचा कान दातांत धरून शांतपणे मान हलवत होती. पळत कुणीच नव्हतं.

केतकीने राहीला पोटाशी धरलं आणि तिचं तोंड छातीत दाबून ती कॅनॉलच्या पाटातून वाकून, चिखलातून घरापर्यंत गेली. दार लावलं. मागे जिजी मळ्यातच होती. सायंकाळी ती आली. थोरल्याला पोलिसांनी नेलं होतं, धाकटा चादरीखाली होता, आणि जिजीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने हातपाय धुतले आणि वाढ म्हणाली.

आठवड्याने जळगावहून डॉ. रेवती सोनवणे आल्या, बरोबर प्रयोगशाळेची गाडी. वयाने केतकीएवढ्याच, बोलायला साध्या. मारुतीच्या पारावर त्यांनी उरलेल्या माणसांना बसवलं आणि समजावलं.

म्हणाल्या, राग सगळ्यांनाच येतो. हात उगारला जातो आणि तिथेच थांबतो. थांबवते ती शहाणपणाची शिकवण नव्हे, भीती. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, ती क्षणाच्या आत सांगते, थांब, पुढे काहीतरी भयंकर आहे. तुमच्या झाडांच्या मुळांत एक नवा जिवाणू सापडला. तो झाडाच्या राळेतल्या रेणूला एक शेपटी जोडतो. तो शेपटीवाला रेणू मोठ्या माणसाच्या मेंदूत जाऊन ह्या गाठीलाच झोपवतो. राळ पाण्याने निघत नाही, तेलात विरघळते आणि आचेवर जागी होते. नुसत्या हातांनी फुलं छाटलीत आणि त्याच हातांनी भाकरी थापलीत, पुऱ्या तळल्यात. गाव रोज थोडं थोडं ते खात होतं.

मागून कुणीतरी विचारलं, मग हेच तेल लेकरांना कसं बरं करतं?

कारण कोवळ्या मेंदूतली काही दारं उलटी बसवलेली असतात, डॉक्टर म्हणाल्या. मोठ्यांच्यात जो निरोप दार लावतो तोच लहानांच्यात उघडतो. वाढता वाढता ती दारं फिरतात. म्हणून हा रेणू लेकरांच्या मेंदूतलं वादळ शमवतो आणि मोठ्यांच्या मेंदूतला बांध फोडतो.

केतकीने राहीला घट्ट धरलं. तिने विचारलं, "ती दारं फिरतात कधी?"

"कुणाची चौथ्या वर्षी, कुणाची सातव्या. सांगता येत नाही ताई. पण फिरतात."

मग त्यांनी बाईबाईला विचारलं, खतात काय घालता. केतकीने खांब सांगितला, शेण सांगितलं, गूळ, बेसन, ताक सांगितलं. तेवढ्यावर ती थांबली.

शेडनेट जाळली. घराघरातल्या ड्रममध्ये चुना ओतला. आधीच गेलेल्या तेलाच्या बाटल्या गावोगावहून परत मागवल्या. केतकीने पथकाला बाटली दिली ती खोबरेल भरून, आणि पथक येण्याआधीच विरजणाचं एक लहान पिंप केळीच्या बागेत, वाळल्या पानांच्या ढिगाखाली नेऊन ठेवलं, शेजारी गांजाची झाडं असलेल्या दोन कुंड्या.

राळ अंगातून उतरायला पंधरवडा लागतो. तो सरला तसं निंबारी घाबरायला लागलं, आणि ते पाहवत नव्हतं. कोठडीतही घरच्याच डब्यावर असलेल्या शोभाकाकूंनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. विहीरवाल्या दोघी जावा एका दोरीला सापडल्या. जिजी एका दुपारी विनीतचा सदरा घडी घालता घालता अचानक खाली बसली आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून राही पलंगाखाली शिरली.

केतकी तुरुंगात हर्षलला भेटायला गेली. जाळीपलीकडे तो अर्धा झाला होता. त्याने राहीबद्दल विचारलं, मग बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिला.

"सगळं आठवतं," तो म्हणाला. "मी त्याला ओळखत होतो, केतकी. विनू आहे, हे मला दर घावाला माहीत होतं. आता रात्रंदिवस भीती वाटते. तेव्हा निमिषभर वाटली असती तर."

परतीच्या एसटीत राही मांडीवर झोपली होती. झोपेत पापण्या शांत, ओठ गुलाबी. केतकी सगळी वाट त्या ओठांकडे बघत होती.

दोन गाड्या गावात येऊन गेल्याचं घरी आल्यावर कळलं. माणसं बाहेरची होती, फुलं नकोत, विरजण हवंय म्हणत होती. न भिणारी माणसं कुणाला नको असतात? रखवालदार माहीत नाही म्हणाला, तर त्याचा जबडा फोडून गेली. पुन्हा येतो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहीला निजवून केतकी बागेत गेली. पानं बाजूला केली, झाकण काढलं, वाटीतलं दूध ओतलं आणि काठीने ढवळू लागली. पाठीमागे पान वाजलं. जिजी उभी होती, हातात चुन्याची पिशवी.

"मला वाटलंच," जिजी म्हणाली. तिने वाटीकडे पाहिलं, वाटीच्या काठावरच्या पांढऱ्या ओघळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. "मीच सांगितलं होतं. झाडाला घाल म्हणून."

"जिजी, राहीपुरतंच आहे. कुणाला देणार नाही."

"दाराशी वाटी आली तर नाही म्हणशील? त्या गाडीवाल्यांनी पोरीच्या गळ्याला सुरा लावला तर?" जिजी पुढे आली. "सर बाजूला, माय. माझी दोन गेली. तुझं एक राखायला गावची अजून किती घालायची?"

केतकी सरली नाही. जिजीने पिशवीचं तोंड सोडलं, पिंपावर वाकली, आणि केतकीने ढवळायची काठी दोन्ही हातांनी वर उचलून म्हातारीच्या डोक्यात घातली.

जिजी आवाज न करता बसली. कपाळावरून रक्ताची धार नाकाच्या शेंड्यावर आली आणि थेंब थेंब चुन्यात पडू लागली. केतकीच्या हातांनी काठी पुन्हा वर नेली होती. तेवढ्यात तिला आपले हात दिसले. तिच्या पोटात पुरी नव्हती, अंगात राळेचा कण नव्हता. मेंदूतली ती बदामाएवढी गाठ टक्क जागी होती आणि कधीची थांब थांब म्हणत होती, आणि तरीही काठी पडली होती. हर्षलची गाठ निदान कशाने तरी झोपवली होती.

काठी तिच्या हातून गळली. ती जिजीजवळ बसली, पदराने कपाळ दाबून धरलं. जिजी धापा टाकत होती. ती केतकीला शिवी देत नव्हती की पदर झिडकारत नव्हती.

मग केतकी उठली. सगळा चुना तिने पिंपात रिकामा केला. फेस खदखदला, वाफ आली, दारूचा तो वास एकदा भपकन वर आला आणि बसला. दोन्ही झाडं मुळासकट उपटून तिने त्यात दाबली. घरी येऊन बाटलीत उरलेलं तेल चुलीत ओतलं. ज्वाळा निळी झाली.

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि दुधाचं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाल्या की आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी असतात. म्हणजे तो जिवाणू राहीच्या तोंडातून दुधात आलेला असणार, दुधाविना जगत नसणार, म्हणून दुसऱ्या घरी दम धरत नव्हता. आता शोधता येईल, शेपटी कापता येईल, मोठेपणीही न उलटणारं औषध कदाचित करता येईल.

"किती दिवसांत?"

"वर्षांत विचारा, ताई. तोवर जुनी औषधं चालू करा."

जुनी औषधं म्हणजे काय ते केतकीला पाठ होतं.

झटका आला तो चौथ्या की पाचव्या दिवशी, भर सकाळी. राही ओट्यावर चिंचोके मांडत होती. तिने एकदम आकाशात काहीतरी दिसल्यासारखं वर पाहिलं, आणि मान मागे गेली. केतकीचे पाय जागीच रुतले. कपाळाला टाके घातलेली जिजी मात्र धावली. तिने नातीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली मांडी दिली आणि केतकीकडे न बघता म्हणाली, "ये. पाय धर तिचे. ओट्यावर आपटतील."

केतकीने पाय धरले. ते इवले पाय तिच्या हातांत लाथा झाडत राहिले, टाचा तिच्या छातीवर, हनुवटीवर बसल्या, ओठ फुटून रक्त आलं. तिने तोंड बाजूला घेतलं नाही. दोघी बायका त्या लहानशा देहावर वाकून होत्या, आणि त्यांच्यामध्ये वादळ हवं तेवढं नाचून घेत होतं. मग ते ओसरलं. निळे ओठ परत रंगावर येऊ लागले. राहीने डोळे उघडले. वर जिजीचं कपाळ होतं, काळ्या टाक्यांचं, सुजलेलं. त्या कपाळाकडे ती आज पहिल्यांदाच नीट बघत असावी.

"जिजी, तुला कुणी मारलं?"

"पडले गं राणी. बागेत."

"मी मारलं," केतकी म्हणाली.

राहीने आईकडे पाहिलं. झटक्यानंतर तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा. ती विचार करत राहिली. मग तिने लोण्यासारखा मऊ पडलेला हात मोठ्या कष्टाने उचलला, आईच्या गालावर मारला, आणि मारलेला हात उचलून घ्यायला जोर उरला नाही म्हणून तिथेच ठेवला.